डबा, भिंग आणि एकशेवीसचा रोल

प्रकाशाचा पाठ शिकवताना कॅमेऱ्याची आकृती फळ्यावर काढण्याची पद्धत जुनी आहे. एक काळा डबा, पुढे बहिर्वक्र भिंग, मागे फिल्म आणि फिल्मवर पडलेली झाडाची उलटी प्रतिमा. आकृती सोपी असते आणि मुले ती पटकन वहीत उतरवून घेतात. अडचण त्यानंतर येते. ‘फिल्म म्हणजे काय?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर दाखवायला वर्गात काहीच नसते. ज्यांनी फोटो फक्त फोनमध्ये पाहिले आहेत, त्यांना आकृतीतली ती मागची रेघ म्हणजे निव्वळ पाठ करायचा शब्द वाटतो.

या लेखात आपण त्या रेघेचा इतिहास पाहणार आहोत. फिल्मचे प्रकार अनेक झाले, पण सव्वाशे वर्षे जवळपास न बदलता टिकून राहिलेला आणि शाळेत हाताळायला सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे ‘एकशेवीसचा रोल’. जगभर याला मीडियम फॉरमॅट, म्हणजे मध्यम आकाराची फिल्म म्हणतात. हा रोल कसा आला, त्याच्यामागचे विज्ञान काय आणि आज एखाद्या शिक्षकाला त्यावर पहिले चित्र काढायचे असेल तर सुरुवात कुठून करावी, हे क्रमाने पाहू. इतिहासाची सुरुवात मात्र आम्ही कोल्हापूरपासून करत आहोत. हे आमचे गाव आहे म्हणून तर खरेच, पण कॅमेरा शिकावा कसा याचे एक उत्तम उदाहरण याच गावात घडले म्हणूनही.

प्रोजेक्टर उघडला तेव्हा

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तो पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. कोल्हापुरातल्या दोन मेस्त्री बंधूंच्या मनात मात्र हे यंत्र आपल्याला करता येईल का, असा प्रश्न आला. आनंदराव आणि बाबूराव हे चुलतभाऊ. घराणे कारागिरांचे. संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्यामुळेच लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणून ओळखत. यंत्रशास्त्राचे वा प्रकाशशास्त्राचे शिक्षण त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात घेतलेले नव्हते.

त्यांनी मुंबईहून चित्रपट दाखवण्याचा एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याचा अभ्यास केला. येथे विज्ञानाच्या शिक्षकाने थोडे थांबावे. कॅमेरा करायचा असताना प्रोजेक्टरचा अभ्यास का? कारण तत्त्वतः ही दोन्ही यंत्रे एकच आहेत, फक्त प्रकाशाची दिशा उलटी आहे. प्रोजेक्टरमध्ये दिवा आत असतो आणि फिल्मवरचे चित्र भिंगातून बाहेर पडद्यावर जाते. कॅमेऱ्यात बाहेरचे दृश्य भिंगातून आत फिल्मवर येते. दोन्हींत फिल्म सलग सरकून चालत नाही. ती क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश गेला पाहिजे, मग झडप मिटून फिल्म एका चित्राइतकी पुढे गेली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा होत असे आणि त्यासाठी दांडा हाताने फिरवत. गोल फिरणाऱ्या दांड्यापासून थांबत थांबत चालणारी गती कशी मिळवायची, हाच या यंत्राचा खरा गाभा. तो एका यंत्रात समजला की दुसऱ्यात वापरता येतो.

काम सुरू असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने काम पुढे नेले आणि १९१८ साली देशी बनावटीचा चित्रपट-कॅमेरा तयार झाला. याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला भांडवल दिले आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य लाभले. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. दामले, फत्तेलाल आणि शांताराम ही माणसे याच कंपनीत तयार झाली आणि १९२९ साली त्यांनी आणखी दोन सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू केली.

ही हकीकत कोल्हापुरात अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण अभिमानाच्या भरात तिच्यातला शिक्षणाचा भाग मागे पडतो. आपल्याकडे हाताने काम करणारा आणि पुस्तकातून शिकणारा अशी माणसांची फार पूर्वीपासून वाटणी झाली आहे. सुताराच्या मुलाला भिंगाचे सूत्र कोणी शिकवले नाही आणि सूत्र शिकलेल्याला रंधा धरता आला नाही. या बंधूंनी ही वाटणी मोडली. त्यांनी यंत्र उघडले, प्रत्येक भाग कशासाठी आहे हे समजून घेतले आणि तो पुन्हा घडवला. एक गोष्ट मात्र कोल्हापुरात तयार झाली नाही, ती म्हणजे कोरी फिल्म. ती परदेशातूनच येत असे. कॅमेऱ्याचा डबा, चाके, झडप ही लोखंड-लाकडाची कामे होती. फिल्म हे रसायनशास्त्राचे काम होते आणि ते वेगळ्या रस्त्याने वाढले होते.

काचेपासून पट्टीपर्यंत

चांदीचे काही क्षार प्रकाशाने काळे पडतात, हे अठराव्या शतकातच माहीत होते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने काचेवर कलोडिअनचा चिकट थर देऊन त्यात हे क्षार बसवण्याची रीत काढली. चित्र सुरेख येत असे, पण थर ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावेही लागे. हाताशी दहा-पंधरा मिनिटेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कलोडिअनमधला ईथर भराभर उडून जाई, त्यामुळे तेवढाही वेळ मिळणे कठीण. छायाचित्रकाराला काचा, बाटल्या आणि अंधारासाठी तंबू असे सगळे बिऱ्हाड बरोबर न्यावे लागे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. त्यांच्या पिढीची छायाचित्रे पाहताना हे कष्ट लक्षात घ्यायला हवेत.

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कलोडिअनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले. ईथरच्या वाफांचा त्याच्या प्रकृतीला त्रास होत होता, म्हणून तो दुसऱ्या पदार्थाच्या शोधात होता. जिलेटिनचा थर सुकल्यावरही काम देतो. त्यामुळे काचा आधी तयार करून ठेवता येऊ लागल्या आणि चित्र घेतल्यावर सवडीने धुता येऊ लागल्या.

जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून मिळते. एका खेपेचे जिलेटिन वापरले की फिल्म अतिशय संवेदनशील होई, दुसऱ्या खेपेचे वापरले की मंद. कारण कोणालाच कळेना. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्ड याने ते शोधले. जनावरांनी मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्ल्या असतील, तर त्यांच्यातले गंधकयुक्त पदार्थ लेशमात्र जिलेटिनमध्ये उतरतात आणि चांदीच्या क्षाराच्या स्फटिकांवर संवेदनशील जागा तयार करतात. मोहरी फेसताना नाकाडोळ्यांत जी झणझण जाते, ती याच जातीच्या पदार्थाची. रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

काच जड आणि फुटणारी. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने आधी कागदाची आणि १८८९ पासून सेल्युलॉइडची पारदर्शक पट्टी विकायला सुरुवात केली. पट्टी गुंडाळता येते, म्हणून एकामागून एक अनेक चित्रे घेता येतात. पुढे एडिसनचा सहकारी डिक्सन याने ईस्टमनची सुमारे ७० मिलिमीटर रुंदीची पट्टी मधोमध चिरून ३५ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या केल्या आणि त्या चित्रपटासाठी वापरल्या. बाबूरावांच्या कॅमेऱ्यासारख्या कॅमेऱ्यांतून फिरणारी चित्रपटाची पट्टी अशी स्थिरचित्राच्या रुंद पट्टीतून निघालेली आहे. नंतर १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने हीच अरुंद पट्टी पुन्हा स्थिरचित्रासाठी वापरली. मधल्या काळात रुंद पट्टी नाहीशी झाली नव्हती. तिचीच एक शाखा म्हणजे आपला एकशेवीसचा रोल.

लाल खिडकी

सुरुवातीच्या पट्ट्या अंधाऱ्या खोलीत भराव्या लागत. १८९२ साली बोस्टनच्या सॅम्युअल टर्नर याने एक साधी युक्ती काढली. फिल्मच्या पाठीला काळा कागद लावायचा आणि तो फिल्मपेक्षा दोन्ही टोकांना लांब ठेवायचा. गुंडाळल्यावर कागदाचे वेढे बाहेर राहतात आणि फिल्म आत झाकली जाते. आता रोल उजेडात भरता येतो. कागदावर १, २, ३ असे आकडे छापायचे आणि कॅमेऱ्याच्या पाठीला एक लहान लाल खिडकी ठेवायची. गुंडी फिरवायची, खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचे. ईस्टमनने हे पेटंट विकत घेतले.

खिडकी लालच का, हा वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्या काळच्या फिल्मला निळा आणि हिरवा प्रकाश दिसे, लाल दिसत नसे. लाल काचेतून आत जाणारा प्रकाश तिच्या दृष्टीने अंधारच होता. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म आली, तेव्हा खिडकीला झाकण लावावे लागले.

१९०१ साली कोडॅकने ‘नंबर २ ब्राउनी’ नावाचा पुठ्ठ्याचा डबा-कॅमेरा काढला. त्याच्यासाठी केलेल्या रोलला पुढे १२० हा क्रमांक मिळाला. हा केवळ यादीतला क्रमांक आहे, त्याचा मापाशी संबंध नाही. रोलची रुंदी साधारण ६ सेंटिमीटर. ब्राउनीत त्यावर ६ बाय ९ सेंटिमीटरची आठ चित्रे येत. नंतर ६ बाय ६ ची बारा किंवा ६ बाय साडेचारची सोळा चित्रे घेणारे कॅमेरे निघाले. कोडॅकने इतर मापांचे कितीतरी रोल काढले आणि बंद केले. १२० मात्र आजही बनतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल बसतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतका टिकाऊ मेळ क्वचितच आढळतो.

१९२९ साली जर्मनीत रोलायफ्लेक्स आला. यात एकावर एक दोन भिंगे असतात. खालचे चित्र घेते, वरचे आरशाच्या साहाय्याने दुधी काचेवर दृश्य दाखवते. छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून पाहतो. काचेवर दृश्य सुलटे दिसते, पण त्याची डावी-उजवी बाजू बदललेली असते. एका सपाट आरशाने काय बदलते आणि काय बदलत नाही, हे शिकवायला याहून चांगले साधन नाही. त्याच धर्तीचे जपानी याशिका आणि चिनी सीगल हे कॅमेरे पुढे आपल्याकडेही वापरले गेले.

मोठ्या चित्राचे गणित

६ बाय ६ म्हणतात त्या चित्राचे खरे माप ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे ३१३६ चौरस मिलिमीटर. लायकाच्या पद्धतीच्या चित्राचे माप २४ बाय ३६, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. पहिले दुसऱ्याच्या साडेतीन पटींहून थोडे अधिक. फिल्मवरचे चांदीचे कण दोन्हींत सारखेच. त्यामुळे एकाच मापाची कॉपी काढताना मोठी निगेटिव्ह कमी वाढवावी लागते आणि कण कमी दिसतात. स्टुडिओवाल्यांनी हा आकार दीर्घकाळ सोडला नाही त्याचे एक कारण हे. दुसरे कारण, निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करायला जागा मिळे.

शाळेच्या दृष्टीने या आकाराचा फायदा वेगळाच आहे. एकशेवीसची निगेटिव्ह कागदावर तशीच ठेवून प्रकाश दिला, तर पाहण्याजोगे चित्र मिळते. मोठे करण्याचे यंत्र लागत नाही. जुन्या अल्बममध्ये पांढऱ्या कडेचे लहान फोटो असतात, त्यांतले पुष्कळसे असेच निगेटिव्हच्या आकाराचे आहेत. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून असे चित्र काढले तर ते पोस्टाच्या तिकिटाएवढे होते.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत हा आकार पोचला तो आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्याने. तो बडोद्याला बनत असे. एक साधे भिंग, एकच वेग आणि ऊन व ढग अशा खुणा. रोलमागे बारा फोटो. उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ या नावाने फिल्म मिळू लागली. बाबूरावांच्या काळी जी गोष्ट परदेशातून आणावी लागे, ती देशात होऊ लागली होती. पुढे रंगीत ३५ मिलिमीटरचा रोल घरोघर गेला आणि त्यानंतर डिजिटल कॅमेरा आला. उटकमंडचा कारखाना आजारी पडून बंद झाला. खुद्द कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, पण तिची फिल्म बंद झाली नाही. आज १२० चे रोल अमेरिका, इंग्लंड, चेक प्रजासत्ताक अशा मोजक्या ठिकाणी बनतात आणि आपल्याकडे आयात होतात.

सुरुवात कशी करावी

शिक्षकांना आमचे सुचवणे असे, की पहिल्याच दिवशी महागडा कॅमेरा घेऊ नये. रोलही स्वस्त नाही. आधी कॅमेरा करावा.

पुठ्ठ्याचा घट्ट डबा आतून काळा रंगवावा. शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा घेऊन सुईने बारीक भोक पाडावे आणि पॉलिश कागदाने कडा घासाव्यात. डब्याची खोली ८० मिलिमीटर असेल, तर भोक साधारण ०.४ मिलिमीटरचे असावे. याहून मोठे असेल तर चित्र भोकाच्या आकारामुळे धूसर होते, याहून लहान असेल तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे. मागे छायाचित्राच्या कृष्णधवल कागदाचा तुकडा लावावा. हा कागद लाल दिव्यात हाताळता येतो, त्यामुळे मुलांना सगळे घडताना दिसते. लख्ख उन्हात अर्ध्या मिनिटाच्या आसपास प्रकाश द्यावा लागतो. झडप म्हणून काळी चिकटपट्टी पुरते.

हा अर्ध्या मिनिटाचा आकडा कुठून आला, हे मुलांकडून काढून घ्यावे. भोकापासून फिल्मपर्यंतचे अंतर भागिले भोकाचा व्यास, ८० भागिले ०.४, म्हणजे २००. छायाचित्रकारांचा जुना नियम असा की, लख्ख उन्हात ही संख्या १६ असेल तर फिल्मच्या वेगाचा व्यस्त तेवढे सेकंद प्रकाश द्यावा. १०० वेगाच्या फिल्मला एक शतांश सेकंद. आता २०० ला १६ ने भागून वर्ग केला की सुमारे १५६ येतात, म्हणजे तेवढ्या पट वेळ, साधारण दीड सेकंद. छायाचित्राच्या कागदाचा वेग ६ च्या आसपास असतो. मग १५६ भागिले ६, म्हणजे २६ सेकंद. व्यस्त वर्गाचा संबंध इथे परीक्षेपुरता राहत नाही. चूक झाली तर कागद कोरा किंवा काळाकुट्ट निघतो आणि मुले स्वतःच गणित तपासायला घेतात.

एवढे जमल्यावर रोलकडे वळावे. घरोघरच्या कपाटांत आणि जुन्या बाजारात क्लिक थ्री किंवा तसले डबा-कॅमेरे अजून सापडतात. घेण्यापूर्वी मागचे झाकण उघडून आतून प्रकाशाकडे पाहावे. झडप उघडते-मिटते का, भिंगावर बुरशी आहे का, झाकणातून उजेड येतो का, एवढे पाहिले तरी पुरते. रोल भरताना सावलीत भरावा आणि तो सैल पडू देऊ नये. कागदावरचा बाण दिसेपर्यंत गुंडाळून झाकण लावावे आणि खिडकीत १ येईपर्यंत गुंडी फिरवावी. खिडकी एरवी चिकटपट्टीने झाकून ठेवावी, कारण आजच्या फिल्मला लालही दिसते. सूर्य पाठीशी किंवा बाजूला, माणूस दोन-तीन मीटरवर आणि कॅमेरा टेकवलेला. सुरुवातीला एवढे पुरे. प्रत्येक चित्राची वेळ, प्रकाश आणि अंतर वहीत लिहावे. बाराच चित्रे असल्यामुळे ही वही भरते. फोनवर दोनशे चित्रे काढणारा कोणी वही ठेवत नाही.

रोल घरी धुवावा

रोल धुवायला दुकानात द्यायचे दिवस गेले, आणि शाळेसाठी ते बरेच झाले. प्रकाश पडलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकावर चांदीचे अवघे काही अणू सुटे होतात. डोळ्यांना त्यातले काहीच दिसत नाही. डेव्हलपर त्या खुणेवरून अख्ख्या स्फटिकाचे चांदीत रूपांतर करतो. मूळ परिणाम अब्जावधी पटींनी वाढतो. मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरलेला क्षार विरघळवून काढते. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल याने १८१९ सालीच नोंदवला होता.

डी-७६ हा १९२७ पासून वापरात असलेला डेव्हलपर. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. साधारण पाऊण लिटर कोमट पाण्यात चिमूटभर सल्फाइट टाकून आधी मेटॉल विरघळवावे, मग बाकीचे क्रमाने घालून उरलेले पाणी ओतावे. मेटॉलने काहींच्या त्वचेला त्रास होतो आणि हायड्रोक्विनोन विषारी आहे, म्हणून वजने शिक्षकाने हातमोजे घालून करावीत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वापरलेल्या हायपोत चांदी असते. ते गटारात न ओतता वेगळे साठवावे.

रोल टाकीत भरताना मात्र पूर्ण अंधार हवा. जुना वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात आणि मग डोळे मिटून सराव करावा. धुण्याच्या वेळा २० अंश सेल्सिअससाठी दिलेल्या असतात. कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत पाणी सहज तेवढे मिळते, उन्हाळ्यात मिळत नाही. अशा वेळी माठातले पाणी घ्यावे, बाष्पीभवनाने ते काही अंश थंड झालेले असते. तरीही पाणी २४ अंशांवर असेल तर १० मिनिटांची वेळ ७ मिनिटांवर आणावी. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो, हे वाक्य इथे घड्याळाने मोजता येते.

कपाटातल्या निगेटिव्ह

हे सारे करण्याला आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत निकडीचे आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक चित्रपट आज उरलेले नाहीत. ‘सैरंध्री’ही नाही. त्या काळच्या नायट्रेट फिल्मचा पाया ज्वालाग्राही असतो आणि वयानुसार तो कुजतो. पण सगळे नुकसान रसायनामुळे झाले नाही. काय ठेवायचे हे न कळल्यामुळेही पुष्कळ गेले. तोच प्रकार लहान प्रमाणावर आजही चालू आहे. बंद झालेल्या स्टुडिओंत, वाड्यांत आणि शाळांच्या कपाटांत काचा आणि एकशेवीसच्या निगेटिव्ह पडून आहेत. शाळेचे स्नेहसंमेलन, तालमीतले मल्ल, पेठेतली लग्ने, कोणी तलाठी, कोणी शिक्षिका. छापील इतिहासात यांची नावे नाहीत. चेहरे आहेत ते या पट्ट्यांवर. ज्याने कधी निगेटिव्ह हातात धरली नाही, तो त्या काळपट पट्ट्या सहज टाकून देतो.

एकदा स्वतः रोल धुतलेला विद्यार्थी असे करत नाही. मळकट दिसणाऱ्या पट्टीत चित्र आहे हे त्याला कळते. कोणत्या बाजूला जिलेटिन आहे, हे तो प्रकाशात तिरपी धरून ओळखतो, कारण ती बाजू कमी चकाकते. पट्टीला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिचा ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे आणि ती इतरांपासून वेगळी करून लवकर उतरवून घेतली पाहिजे, हे त्याला सांगितले तर समजते. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी घरांत शिरले. अशा वेळी भिजलेल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वाळू दिल्या, तर जिलेटिन फाटल्याशिवाय त्या सुटत नाहीत. त्या थंड स्वच्छ पाण्यातच ठेवून एकेक अलग करून दोरीवर चिमट्याने लावाव्यात. नायट्रेटचा संशय असेल, तर मात्र घरी प्रयोग करू नयेत आणि ती फिल्म उष्णतेपासून व ठिणगीपासून दूर ठेवून जाणकारांकडे सोपवावी.

चांगल्या निगेटिव्हवरून कॉपी काढायला काच, छायाचित्राचा कागद आणि एक मंद दिवा पुरतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या पट्टीवरून शाळेच्या अंधाऱ्या खोलीत ताटलीभर डेव्हलपरमध्ये एखादा चेहरा हळूहळू उमटतो, तेव्हा भोवती जमलेली मुले तो कोणाचा हे विचारू लागतात. तिथून विज्ञानाचा तास संपून इतिहासाचा सुरू होतो. गावातल्या वडीलधाऱ्यांना दाखवून नावे लिहून घ्यावीत, साल लिहावे आणि निगेटिव्ह साध्या आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी.

शाळेला याची सुरुवात करायला पुठ्ठ्याचा एक डबा, सुई, छायाचित्राच्या कागदाचे पाकीट, लाल दिवा आणि तीन ताटल्या लागतात. रोलचा कॅमेरा नंतर आला तरी चालेल, आणि तो मिळाला की मुलांना आधी उघडून पाहू द्यावा.